गैरसमज झाला असल्यास

मामा,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. आईला कळलं तर म्हणेल, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पण तुम्हीच सांगायचा, समोरचा हजर नसला तरी निकाल लागतो, त्याला एकतर्फी म्हणतात, आणि त्यात अन्याय काही नाही. त्याला आधी नोटीस मिळालेली असली म्हणजे झालं. तुम्हाला नोटीस होती. तुमच्या खाटेशेजारी बसून मीच दिली होती.

इथं मी कुणाचं नाव लिहिणार नाही. कारखान्याचं नाही, त्या मॅनेजरचं नाही, माझंही नाही. कामाच्या जागी बाईला छळल्याच्या तक्रारीतली नावं छापायला कायद्यानं बंदी आहे, हे शिरोली आणि कागलच्या कितीतरी कारखान्यांना तुम्हीच शिकवलंत. त्या बंदीआड कोण कोण सुखानं बसलं, ते पुढं येईलच.

आधी तुमचं देणं मान्य करते. दहावीनंतर घरातले सगळे मला बारावी करून डी.एड.ला घालायला निघाले होते. तुम्ही उचगावला आलात, बाहेरच्या सोप्यात बसलात आणि बाबांना म्हणालात, "पोरीला वाळू बघू द्या, लोखंड बघू द्या. शाळेतच गेली पायजे आसं कुटं लिवलंय?" मेटलर्जीचा डिप्लोमा झाला, नोकरीही तुमच्याच शब्दावर लागली. फौंड्रीच्या लॅबमध्ये साच्याची वाळू तपासायचं काम. वाळूत ओल किती, दाबल्यावर टिकते किती, ते बघायचं. वाळू बिघडली की आतलं कास्टिंग बिघडतं. पहिल्या दिवशी तुम्ही स्कूटरवरून मला गेटपर्यंत सोडलंत आणि वॉचमनला सांगितलंत, "भाची हाय माझी." मला तेव्हा केवढं बळ आलं होतं.

कारखान्याचे कायदेशीर सल्लागार तुम्ही होता. बायकांच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती लागते, ती तुम्हीच बसवून दिली होती आणि तिच्यावर बाहेरचे सदस्यही तुम्हीच. हजेरीच्या मशीनशेजारी समितीचा बोर्ड होता. तुमचं नाव शेवटच्या ओळीत होतं. येता-जाता मी ते वाचायची आणि बाकीच्या पोरींपेक्षा आपण जरा जास्त सुरक्षित आहोत असं मला वाटायचं.

मॅनेजर सुरुवातीला रिपोर्ट बघायला लॅबमध्ये यायचा. मग मी यंत्रावर वाकलेली असताना मागं येऊन उभा राहायला लागला. मग सुट्टीच्या दिवशी मेसेज. मी उत्तर दिलं नाही की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या कामात खोट काढायचा. एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, त्यानं आत येऊन दार लावून घेतलं. त्यानं काय केलं ते मी तुम्हाला शब्दाशब्दानं सांगितलं होतं, इथं परत लिहीत नाही. हातात होतं ते वाळूचं भांडं मी त्याच्या तोंडावर मारलं आणि दार उघडून साचे भरतात त्या मोल्डिंगकडं पळाले. जेवायला बसलेल्या माणसांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि माना खाली घालून परत भाकरी मोडायला घेतली.

नवऱ्याला सांगायच्या आधी मी तुमच्याकडं आले. तशीच, कपड्यांवर वाळू घेऊन, राजारामपुरीच्या तुमच्या ऑफिसात. तुम्ही बसलेल्या पक्षकारांना बाहेर काढलंत. सगळं ऐकून घेतलंत. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "त्याचा हात मोडतो का न्हाय बघ." मामा, तो एक दिवस तुम्ही माझे होता. तो दिवस मी कधीच विसरणार नाही, आणि त्यानंतरचं तर मुळीच नाही.

दोन दिवसांनी तुम्ही बोलावलंत. चष्मा डोळ्यांवर होता.

"मालकांशी बोललोय," तुम्ही म्हणालात. "हे आपण मिटवूया."

"मिटवूया म्हंजे?"

"समेट. कायद्यातच तरतूद हाय. बाईनं स्वतः अर्ज दिला की चौकशीच्या आधी समिती समेट करू शकते."

"पर मी कुटं मागायलोय समेट?"

"मागशील," तुम्ही म्हणालात. "शाण्यासारखी ऐक. चौकशी लागली की काय काय निघंल तुला ठावं हाय? तू लॅबचं दार आतनं का लावून घ्यायचीस, त्याच्या मेसेजला पहिल्यांदा नमस्कार का घातलतास, वाढदिवसाचा केक का खाल्लास. तुझ्या सासूला साक्षीला बोलवंल एखादा. मिटव."

मी दार आतून लावत नव्हते. तुम्हाला ते माहीत होतं.

अर्ज तुम्हीच लिहिलात. आपल्याकडच्या बायका 'मी गेलतो, मी आलतो' असंच बोलतात; पुण्याकडची माणसं हसतात, पण आपली बोली ती आपली बोली. तुमच्यासमोर मी तशीच बोलले होते. कागदावर मात्र 'मी विनंती करते की', 'माझी इच्छा आहे की', 'सलोख्याचे वातावरण राहावे म्हणून' असलं सगळं आलं होतं. ती कुणीतरी वेगळीच बाई होती, नीटनेटकी, समजूतदार. तिला समेट हवा होता. तिच्या नावाखाली मी सही केली. समोर तुम्ही होता म्हणून केली. दुसरा कुठला वकील असता तर मी कागद फाडून त्याच्या अंगावर टाकला असता, आणि हे तुम्हालाही ठाऊक होतं.

मग कॉन्फरन्स रूममधली ती बैठक. चहा आला, बिस्किटं आली. मॅनेजर उभा राहिला आणि त्यानं कागदावरून वाचलं, "माझ्या वागण्यातून गैरसमज झाला असल्यास मी दिलगिरी व्यक्त करतो."

मी तुमच्याकडं बघितलं. 'झाला असल्यास' हे शब्द त्याचे नव्हते. दोन शब्दांत त्या दुपारी काही घडलंच नव्हतं असं करून टाकायला त्याला जमलं नसतं. ती कारागिरी वकिलाची होती. "असल्यास म्हंजे काय?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावलात. लहानपणी पाहुण्यांसमोर मी जास्त बोलले की लावायचा तसाच.

पुढच्या महिन्यात माझी कागलच्या युनिटला बदली झाली, 'कर्मचाऱ्याच्या सोयीनुसार'. सासरही माझं उचगावातच; तिथून शिरोलीचा जुना कारखाना जवळ की कागल, हे कुणी विचारलं नाही. लॅबमध्ये माझ्या जागी मुलगा घेतला. मॅनेजर वर चढला. नवऱ्याला एवढंच कळलं की काहीतरी कुरबूर झाली होती आणि मामांनी निस्तरली. त्यानं तुमच्या पाया पडून आभार मानले. मी शेजारी उभी होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. घरातल्या माणसानं भीतीपोटी चूक केली असं म्हणून गिळलं असतं. पण तुम्ही भाषणं द्यायला लागलात. त्या कायद्यावर बोलायला कारखानेवाल्यांना कुणीतरी दरवर्षी लागतंच, आणि तुमच्यासारखं गोड बोलणारा वकील जिल्ह्यात नव्हता. एकदा तुम्ही आमच्याच युनिटला आलात. आम्ही सगळ्याजणी कँटीनमध्ये खुर्च्या मांडून बसलो होतो. तुम्ही कायदा सांगितलात, छान सांगितलात. मग म्हणालात, "एका कारखान्यातला प्रसंग सांगतो, नाव सांगत नाही. अशीच एक तक्रार आली होती. दोन्ही बाजू समंजस होत्या. त्या भगिनीनं स्वतःहून समेटाची विनंती केली. आज दोघंही सन्मानानं नोकरी करतायत. कायदा म्हणजे नुसता दंडुका नव्हे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं, "तुझे मामा न्हवं? किती भारी बोलत्यात." तुम्ही सगळ्या रांगांवरून नजर फिरवलीत आणि माझ्या रांगेवरून ती तशीच पुढं नेलीत.

संध्याकाळी मी तुमच्या घरी आले. आपलं खरं भांडण झालं ते त्या दिवशी. मामी स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम वाजवत होती, म्हणजे आपलं बोलणं ऐकू येत नाही असं आपल्याला वाटावं. मी म्हणाले, "माझा इस्कोट केलासा तर केलासा, त्याचं कीर्तन कशाला करताय?"

मग जे बोललात ते तुमच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "मी वकील हाय, बाळ. साक्षीच्या खुर्चीत बसलेल्या बायकांना मी काय काय विचारलंय ते मला ठावं हाय. साडी कुठली नेसलती, हसलतीस का, आधी का बोलली न्हाईस. एकेकीचं तोंड माझ्या डोळ्यासमोर येतंय. तसलं कुणी तुला विचारावं हे मला सोसणार नव्हतं."

मला तुमची दया आली, मामा. खरंच आली. आणि त्याच क्षणी संतापही. ज्या प्रश्नांपासून तुम्ही मला वाचवलंत, ते प्रश्न तुमचेच होते.

"मग ते इचारायचं तुम्ही बंद का न्हाई केलासा?" मी म्हणाले.

"पक्षकार म्हणून जो येतो त्याचं काम करावं लागतं. धंदा हाय तो."

"आणि मी कोण हुतो?"

तुम्ही म्हणालात, "जेवून जा." मी जेवले नाही. त्यानंतर सणावारी आपण भेटत राहिलो, तुम्ही माझ्या लेकीला खाऊ आणत राहिलात, पण या विषयाला दोघांनीही हात लावला नाही.

मग हुपरीची एक मुलगी आली. तिला इथं राधिका म्हणते. ती त्याच जुन्या कारखान्यात तपासणी विभागात लागली होती. एका रविवारी पत्ता विचारत विचारत आमच्या घरी पोचली. दारातच म्हणाली, "ताई, वाळूच्या लॅबात तुम्हीच हुतासा न्हवं?" तिला बघूनच मला कळलं ती कशासाठी आली आहे.

मॅनेजर तोच. पद्धतही तीच. फरक एवढाच की राधिकानं कुठल्या मामाला न विचारता थेट समितीकडं तक्रार दिली होती. आणि मॅनेजरनं उत्तरात लिहिलं होतं की आपली सेवा निष्कलंक आहे. पूर्वी एकदा एका महिलेचा गैरसमज झाला होता, पण तिनं स्वतः अर्ज करून तो मिटवला.

"तुम्ही अर्ज दिलता, ताई?"

"व्हय. सही माझी हाय."

"मलाबी तेच म्हणायलेत. तिनं मिटवलं, तू का ताणायलीस?"

मी तिला पाणी दिलं. माझ्या सहीचा कागद आता दुसऱ्या पोरीच्या विरुद्ध उभा होता, आणि तो तुम्ही पक्का बांधून ठेवला होता.

तोवर तुमची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचा, बाकीचा वेळ खाटेवर. मी येऊन बसले आणि सगळं सांगितलं. म्हणाले, तुम्ही फक्त एवढंच समितीला लिहून द्या की तो अर्ज माझ्या मनानं दिलेला नव्हता, तुम्ही लिहिला होता.

"समितीतलं बाहेर काढता येत न्हाय. गोपनीय असतंय. कायदा हाय."

"मामा, समितीतलं समितीलाच सांगायचंय. आणि कायदा तिच्यासाठी केलाय का त्याच्यासाठी?"

मग अगदी हळू म्हणालात, "एक उघडलं की बाकीची उघडत्यात. तुझं एकच न्हाय, बाळ."

किती होती, मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. पण तुमचा हात माझ्या हातात होता, सुया टोचून काळानिळा झालेला, आणि मला तेवढ्या वेळापुरती तुमची भाचीच राहायचं होतं. निघताना मी म्हणाले, "मी जाणार हाय साक्षीला. तुमचं नाव घेणार. सांगून ठेवलोय."

मी गेले. समितीवर तुमच्या जागी आता एक तरुण वकीलबाई आहे. मी मुद्दाम तिच्याकडंच बघून बोलले. अर्ज कुणी लिहिला, कुणासमोर सही केली, 'असल्यास' कुणी घातलं, टेबलाखालून पाय कुणी लावला, सगळं. लिहून घेणाऱ्या माणसानं 'मी गेले होते' असं लिहिलेलं दिसलं तेव्हा त्याला थांबवून म्हणाले, "मी 'गेलतो' म्हणलोय. तसंच लिवा." वकीलबाईनं त्याला खूण केली आणि त्यानं खोडून तसं लिहिलं. नवऱ्याला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तो गेटबाहेर गाडी लावून बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, "मी मामांच्या पाया पडलो, तवा तू शेजारीच हुतीस."

समितीनं मॅनेजरला दोषी ठरवलं, बडतर्फीची शिफारस केली. व्यवस्थापनानं त्याचा राजीनामा घेतला. कारण प्रकृतीचं. शाल, श्रीफळ, गुच्छ झालं. आता तो त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या फौंड्रीत सल्लागार आहे आणि राधिकाला बस स्टॉपवर दिसतो. राधिका नोकरी सोडत नाही. तिच्याशी विभागात कुणी बोलत नाही. त्या रस्त्यावरच्या कारखान्यांच्या वकिलांना मात्र काम मिळालं: राजीनामा असा कसा लिहायचा, ते दुसरे कारखाने आता विचारून घेतायत.

हा निकाल मी तुम्हाला दवाखान्यात सांगितला. तुम्ही एवढंच विचारलंत, "तिला कोण उलटं इचारलं का?"

"इचारलं. सगळं इचारलं."

"मग?"

"तिनं सगळं सांगिटलं. रडली न्हाय."

तुम्ही डोळे मिटलेत. मी वाट बघत बसले. एक शब्द पुरला असता, मामा. 'चुकलं' म्हणायची तुमची सवय नव्हती, पण 'बरं झालं' एवढं तरी म्हणाला असता. तुम्ही पंखा बंद करायला सांगितलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

बार असोसिएशननं शोकसभा घेतली. तुमच्या बरोबरीचे वकील एकामागून एक उठले. महिलांच्या प्रश्नांचा जाणकार, कितीतरी संसार सावरणारा, वाद न वाढवता न्याय देणारा. मामी पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. मी तिच्यासाठी बसून राहिले.

सभा संपल्यावर जिन्यात एक बाई आमची वाट बघत उभी होती. इचलकरंजीहून आली होती, तिथल्या सूतगिरणीत कामाला. तिनं मामीचे हात धरले आणि म्हणाली, "वकीलसाहेब देवमाणूस. माझं मिटवलं त्यांनी. न्हायतर माझा संसार ऱ्हायला नसता." मामी रडायला लागली. त्या बाईचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. तिचा संसार खरंच राहिला असेल, आणि तो तुमच्यामुळं राहिला असेल. मला ते तुमच्या बाजूनं लिहून ठेवायचं आहे, म्हणून लिहिते.

मामी खाली उतरल्यावर ती माझ्याजवळ थांबली. आवाज उतरवून म्हणाली, "पर तो अजून तितंच हाय ओ. माझा मुकादमच हाय. परत सुरू केलंय त्यानं. साहेबांना इचारणार हुतो, तवर हे आसं झालं. मिटल्यालं परत उघडतंय का?"

मी त्या तरुण वकीलबाईला फोन लावला. ती म्हणाली, जुनं उघडणं अवघड आहे, पण त्यानं आता जे चालवलंय ती नवी तक्रार होते. वेळ घालवू नका, यांना घेऊन या. बाईनं फोन संपेपर्यंत माझ्या तोंडावरची नजर काढली नाही.

उद्या आम्ही जाणार आहोत. राधिकाही सुट्टी टाकून येतेय, मी तिला बोलावलं नव्हतं. सूतगिरणीतल्या बाईनं मघाशी फोन करून विचारलं, "त्या वकीलबाई साहेबांसारख्याच हायत न्हवं?"

मी म्हणाले, "न्हाईत. म्हणून तर जायचं."

फोन ठेवला आणि मग मला रडू आलं, मामा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.